दरड कुठवर येईल?

पुण्याजवळचं रहाटणी मध्यबिंदू धरून नकाशावर ऐंशी किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर त्यात भाजे येतं, महाडजवळचं दासगाव येतं, माळीण येतं, तळीये येतं आणि इर्शाळवाडीही येते. जुलै १९८९, जुलै २००५, जुलै २०१४, जुलै २०२१, जुलै २०२३. पाचही वेळा महिना तोच, डोंगर तोच सह्याद्री. या वर्तुळात चौतीस वर्षांत दरडींखाली गेलेल्या माणसांचा आकडा पाचशेच्या वर भरतो.

रहाटणीचा परिसर सपाट. पवनेला पूर आला की नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं, पण डोंगर अंगावर येण्याची भीती इथे कुणाला नाही. तरी रहाटणी, काळेवाडी, भोसरी, चिखली इथल्या कितीतरी घरांची मुळं आंबेगाव, जुन्नर, खेड आणि मावळ तालुक्यांत आहेत. माणूस चाकणच्या कारखान्यात पाळीला जातो, आई-वडील डोंगराखालच्या वाडीत असतात. जुलैमध्ये तीन दिवस झड लागली की इथल्या घरांतून गावाकडे फोन जातात. त्या फोनवर एकच गोष्ट विचारायची असते आणि तिचं उत्तर पलीकडच्या माणसाकडेही नसतं. डोंगर सुटला, तर चिखल आपल्या उंबऱ्यापर्यंत येईल का?

या प्रश्नावर जगात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ काम झालं आहे. आपल्याकडे तो प्रत्येक वेळी माणसं गेल्यावर विचारला गेला.

भाजे हे लेण्यांमुळे सगळ्यांना माहीत असलेलं मावळातलं गाव. जुलै १९८९ मधल्या अतिवृष्टीत तिथे दरड कोसळली आणि तीसहून अधिक माणसं दगावली. जिल्ह्यानं हळहळ केली आणि काही वर्षांत विषय मागे पडला. मग २५ आणि २६ जुलै २००५ आले. मुंबईतला महापूर सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण त्याच पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर डोंगर आले. रायगड जिल्ह्यातल्या दरडींचे बळी दोनशेच्या जवळ पोहोचले. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं गावोगाव फिरली, उतार पाहिले, भेगा पाहिल्या आणि दरडप्रवण गावांच्या याद्या तयार झाल्या. यादीत नाव असलं की पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस यायची, कधी स्थलांतराचा आदेश यायचा. त्यापुढे फार काही होत नव्हतं.

३० जुलै २०१४, बुधवार. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डिंभे धरणाच्या फुगवट्याजवळ माळीण हे महादेव कोळ्यांचं छोटं गाव. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. सकाळी गावावरचा डोंगर सुटला आणि चाळीसच्या वर घरं काही क्षणांत चिखलाखाली गेली. गाव गेलं हे बाहेरच्या जगाला लगेच कळलंच नाही. नेहमीच्या फेरीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला समोर गाव दिसेना, नुसता चिखलाचा पट्टा दिसला. बातमी त्यानं पुढे पोहोचवली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी तळेगावजवळच्या सुदुंबरेत असते. ती निघाली, पण अरुंद रस्ता, थांबायचं नाव न घेणारा पाऊस आणि वरून पुन्हा माती येण्याची भीती यांतून काम करावं लागलं. ढिगाऱ्यातून एक आई आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ जिवंत निघालं. नंतरचे दिवस फक्त मृतदेह निघत राहिले. अधिकृत आकडा १५१.

गावाची शाळा मात्र वाचली. काही घरंही वाचली. एकाच गावात, एकाच पावसात, एकाच डोंगराखाली काही छपरं उभी राहिली आणि काही नाहीशी झाली. त्या दिवसांत सगळी चर्चा डोंगर का सुटला याचीच होत होती. पडकईवर बोट ठेवलं गेलं. पडकई म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून भातखाचरं काढण्याची इथल्या आदिवासींची जुनी रीत. हातानं काढलेल्या पडकईनं या डोंगरांवर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवला आहे. यंत्रानं उतार कापून केलेली सपाटी हे वेगळं प्रकरण आहे. दोन्ही एकाच तराजूत घालून आदिवासी शेतकऱ्याला दोषी ठरवण्याची घाई झाली, ती मला अन्यायाची वाटते. उताराची तोड, पाण्याला वाट नसणं, घरांसाठी खणलेला पायथा आणि मुसळधार पाऊस, सगळ्याच कारणांची तपासणी झाली आणि व्हायलाच हवी होती. पण शाळा का वाचली, हा प्रश्न त्या गर्दीत बाजूला राहिला. त्याचं उत्तर डोंगर का सुटला यात नाही. सुटलेला डोंगर कसा धावला यात ते आहे.

आपल्या डोंगराची घडण आधी पाहू. खाली बेसॉल्टचा काळा कातळ, त्यावर झिजलेला मुरूम आणि वर मातीचा थर. पावसाचं पाणी माती-मुरमातून खाली उतरतं आणि कातळापाशी अडतं. तिथे ते साठत जातं. उतारावरची माती टिकून असते ती कणाकणांतल्या घर्षणावर, आणि कण एकमेकांवर जितक्या जोरानं दाबले जातात तितकं ते घर्षण मिळतं. फटींत साठलेलं पाणी त्या दाबातला वाटा आपल्या अंगावर घेतं. वजन तेवढंच राहतं, पकड सुटते. कार्ल तेरझागी या अभियंत्यानं १९२० च्या दशकात हे सूत्र मांडलं आणि आजही उताराचं प्रत्येक गणित तिथूनच सुरू होतं. म्हणूनच दरडीला सहसा एकट्या एका दिवसाचा पाऊस पुरत नाही. आधीच्या दिवसांच्या पावसानं डोंगर भरलेला असतो आणि शेवटच्या काही तासांची सर त्याला सोडवते.

इथवरचं शास्त्र आपल्याकडे बऱ्यापैकी रुळलं आहे. माळीणनंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पिनोम एरिंग आणि जी. एल. शिवकुमार बाबू यांनी फुटलेल्या उतारावरून उलट गणित केलं. मातीची ताकद किती असेल आणि पाण्यानं ती कितपत घटवली असेल, हे त्यांनी संभाव्यतेच्या हिशेबानं काढलं आणि तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. काम मोलाचं आहे. दुसरा अर्धा भाग मात्र उरतो. सुटलेली माती किती अंतर जाईल, किती वेगानं जाईल, किती जाडीची येईल?

या दुसऱ्या अर्ध्याचा इतिहास स्वित्झर्लंडमधल्या एल्म या गावापासून सुरू होतो. तिथे डोंगरात पाटीच्या दगडाची खाण होती. शाळा वाढत होत्या, मुलांच्या पाट्यांना मागणी होती आणि डोंगराचा पायथा आतून पोखरला जात होता. ११ सप्टेंबर १८८१ ला, रविवारी दुपारी, आधी एक कडा कोसळला. लोक घराबाहेर आले, काही जण मदतीला धावले, काही समोरच्या चढावर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं दुसरा कडा आला. मग डोंगराचा मोठा भाग सुटला. तो खाली येऊन थांबला नाही. तळाशी आदळून पुढे उसळला, दरीत पसरला आणि समोरच्या चढावरही चढला. ११५ माणसं गेली. सुरक्षित म्हणून निवडलेल्या जागेवरच त्यांतल्या काहींना मरण आलं.

आल्बर्ट हाइम हा भूवैज्ञानिक तिथे गेला, वाचलेल्यांशी बोलला, ढिगारा मोजला. कोरड्या दगडांचा एवढा ढीग पाण्यासारखा वाहतो, हे त्यानं नोंदवलं. मग त्यानं एक अगदी साधं माप दिलं. दरड जिथून सुटली तो माथा आणि ढिगारा जिथे थांबला ते टोक, या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा काढायची आणि तिचा जमिनीशी होणारा कोन मोजायचा. दरड जितकी मोठी, तितका हा कोन लहान निघतो, म्हणजे तितकी ती लांब जाते.

हे माप आपल्या वाडीवर लावून पाहा. माथा वस्तीपेक्षा दीडशे मीटर उंच आहे असं धरा. कोरड्या मातीचं नेहमीचं घर्षण धरून कोन तीस अंश मानला, तर ढिगारा आडव्या अंतरात सुमारे २६० मीटरवर थांबतो. भिजून लगदा झालेल्या मातीचा कोन वीस अंशांवर उतरला, तर अंतर होतं सुमारे ४१० मीटर. पंधरा अंश धरला, तर ५६०. चारशे मीटरवरची शाळा पहिल्या हिशेबात निर्धास्त असते, दुसऱ्यात तिच्या भिंतीला चिखल लागतो, तिसऱ्यात ती गाडली जाते. वेग सेकंदाला सरासरी दहा मीटर धरला, तर चारशे मीटर यायला चाळीस सेकंद लागतात. भूवैज्ञानिक सेकंदाला पाच मीटरच्या पुढची दरड ‘अतिवेगवान’ धरतात, कारण त्यापुढे माणूस पळून सुटत नाही. अंथरुणातून उठून लेकराला कडेवर घेऊन दाराबाहेर पडेपर्यंत हे चाळीस सेकंद संपलेले असतात.

कोनानं अंदाज मिळतो, वाट मिळत नाही. ओघळीत शिरलेला लोंढा सरळ जात नाही, तो वळणावर उसळतो, सपाटीवर पातळ होतो. १९५५ मध्ये आडोल्फ फोएल्मी या स्विस अभियंत्यानं हिमस्खलनासाठी एक सूत्र मांडलं. धावत्या वस्तुमानाला दोन गोष्टी अडवतात. एक अडथळा वजनावर आणि उतारावर अवलंबून असतो, वेग काहीही असो. दुसरा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हिमासाठी केलेलं हे सूत्र पुढे चिखल-दगडांच्या लोंढ्यालाही लागू पडलं. १९८९ मध्ये स्टुअर्ट सॅव्हेज आणि कोलुम्बान हुटर यांनी उतारावरून घसरणाऱ्या कणांच्या ढिगाची समीकरणं लिहिली. त्याच वर्षी आपल्याकडे भाजेवर दरड आली होती. १९९५ मध्ये कॅनडात ओल्डरिच हुंगर यांनी वेगवान दरडींच्या धावेचं गणित संगणकावर आणलं. पुढे डॅव्होसच्या हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्थेनं ‘रॅम्स’ ही प्रणाली तयार केली. आज जगभरचे अभियंते ती वापरतात.

या प्रणाली नेमकं काय करतात? आधी डोंगराचा उंचसखलपणा चौकटींत मांडतात, प्रत्येक चौकटीची उंची ठरलेली. मग माथ्यावर अमुक जागी अमुक घनमीटर माती सोडतात. क्षणाक्षणाला प्रत्येक चौकटीत किती जाडीचा थर आहे आणि तो कुठे, किती वेगानं निघाला आहे, याचा हिशेब होतो. शेवटी पडद्यावर रंगीत पट्टा उमटतो. इथे तीन मीटर चिखल, इथे अर्धा मीटर, इथे काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ लिहिलेलं ठिकाण म्हणजे माणसांनी पळून जाण्याची जागा.

यात फसण्याच्या जागा आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. किती माती सुटेल हे आधी नक्की सांगता येत नाही. धावता लोंढा वाटेतली माती, दगड, झाडं उचलत मोठा होतो. आल्प्समध्ये जुळवलेले घर्षणाचे आकडे कोकणाच्या लाल मातीला जसेच्या तसे लावले, तर उत्तर चुकतं. म्हणून जबाबदार अभ्यासक एकच रेघ मारत नाहीत. लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन दरडींचे पट्टे काढतात. आणि आकडे जुळवण्यासाठी घडून गेलेल्या दरडी वापरतात. ढिगारा खरोखर जिथे थांबला तिथेच गणितातला ढिगाराही थांबेपर्यंत आकडे हलवायचे, मग ते आकडे शेजारच्या डोंगराला लावायचे. माळीणचा डोंगर सुमारे अर्धा किलोमीटर धावला. उपग्रहांनी त्याची छायाचित्रं घेतली आहेत. एवढी मोठी किंमत मोजून मिळालेली ही मोजमापं त्याच डोंगररांगेतल्या प्रत्येक वाडीसाठी वापरायला हवी होती.

माळीणच्या वर्षीच, २०१४-१५ मध्ये, भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशभरच्या दरडप्रवण भागाचं नकाशांकन हाती घेतलं. सव्वाचार लाख चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेशाचे नकाशे झाले, हे देशाच्या दृष्टीनं मोठंच काम आहे. पण त्या नकाशांचं प्रमाण आहे पन्नास हजारास एक. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे पाचशे मीटर. माळीणची अख्खी दरड, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, त्या कागदावर एका सेंटिमीटरची. डोंगराचा कोणता पट्टा नाजूक आहे हे तो नकाशा सांगतो. कुणाचं घर वाटेत आहे, हे सांगणं त्याच्या आवाक्यातलं नाही आणि ते त्याचं कामही नाही.

माळीणचं पुनर्वसन जवळच्या आमडे गावाच्या हद्दीत झालं. २ एप्रिल २०१७ ला नव्या घरांचं लोकार्पण झालं आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात नव्या वस्तीतले भराव आणि रस्ते खचले. डोंगरानं एकदा सगळं नेलेल्या माणसांना तीन वर्षांनी पुन्हा पायाखालच्या जमिनीकडे संशयानं पाहावं लागलं.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड आली. ऐंशीहून अधिक बळी. तळीयेची गोष्ट एल्मच्या शेजारी ठेवून वाचावी अशी आहे. वाचलेल्यांनी सांगितलं, की डोंगर हलतो आहे हे आधी लक्षात आलं होतं. थोडी माती आली तशी माणसं घरं सोडून बाहेर पडली, एका जागी जमली. मोठी दरड त्या जमलेल्या माणसांवरच आली. इशारा मिळाला होता, लोकांनी तो ऐकला होता, वेळेवर हालचालही केली होती. उभं कुठे राहायचं, एवढंच कुणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. १८८१ मध्ये एल्मच्या लोकांना ते कळायचा मार्गच नव्हता. २०२१ मध्ये तो होता.

दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी गेली. तीन दिवसांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्र वर चढेना, माणसांनी हातांनी, कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते, ५७ माणसं सापडलीच नाहीत. इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं, असं सरकारनं विधिमंडळात सांगितलं. यादी गावांच्या नावांची असते. डोंगर नावं वाचून येत नाही. वाडीच्या वर, नजरेआड असलेल्या कड्याखालून एखादी ओघळ थेट वस्तीत उतरते का, हे यादीत सापडणार नाही. त्यासाठी माती कड्यापासून खाली सोडून पाहावी लागते, कागदावर आणि संगणकावर.

हे सगळं श्रीमंत देशांचं काम आहे असं म्हणणाऱ्यांसाठी १९७० च्या दशकातल्या हाँगकाँगचं उदाहरण आहे. उभे डोंगर, गच्च वस्ती, आपल्यासारखाच धो धो पाऊस. १८ जून १९७२ ला तिथे एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी आल्या, १३८ माणसं गेली. १९७६ मध्ये पुन्हा आल्या. १९७७ मध्ये तिथल्या सरकारनं उतारांसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी कार्यालय उभं केलं. मानवी हातानं केलेला प्रत्येक मोठा उतार नोंदला, साठ हजारांच्या आसपास उतारांना क्रमांक दिले, पावसाच्या मोजमापावरून इशारे द्यायला सुरुवात केली. पुढच्या दशकांत तिथले दरडींचे बळी झपाट्यानं कमी झाले.

आपल्याकडे माणसांची कमतरता तर अजिबात नाही. रहाटणीतून रोज सकाळी हजारो अभियंते हिंजवडीला आणि चाकणला जातात. त्यांतले कित्येक गाडीच्या टकरीचं गणित संगणकावर करतात. पत्रा कुठे दुमडेल, आतल्या माणसाच्या छातीवर किती जोर येईल, हे खरी गाडी बनण्याआधी त्यांना माहीत असतं. वस्तुमान आणि संवेग यांचा ताळेबंद ठेवणारीच ती समीकरणं, चौकटींत मांडून क्षणाक्षणानं पुढे नेलेली. गाडीतल्या माणसासाठी हे रोज होतं. डोंगराखालच्या माणसासाठी व्हायला लागणारी उपकरणंही आता आवाक्यात आहेत. तीस मीटरच्या चौकटींचा उपग्रही नमुना अरुंद ओघळ पाहू शकत नाही, पण ड्रोननं घेतलेली उंचीची मापं ती टिपतात. एका वाडीवरचा उतार ड्रोननं मोजणं हे काही दिवसांचं काम आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, मुंबई आयआयटी आहे, पुण्याचं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. दरडप्रवण पट्ट्यातल्या प्रत्येक वाडीचा, यादीत नाव असो वा नसो, मोठ्या प्रमाणावरचा धाव-नकाशा, म्हणजे सुटलेली माती कुठून कुठवर येईल हे दाखवणारा नकाशा, काढायचा आणि तो तलाठ्याच्या कपाटात न ठेवता शाळेच्या भिंतीवर रंगवायचा, हा निर्णय राज्य सरकारनं घ्यायचा आहे. इशाऱ्याच्या यंत्रणेवर सध्या बराच भर आहे, तो योग्यच आहे. पण धाव-नकाशाशिवाय दिलेला इशारा तळीयेच्या माणसांना वाचवू शकला नसता.

ज्यांचं गाव डोंगराखाली आहे, मग ते आंबेगावात असो, मावळात, मुळशीत, महाडात किंवा पाटणला, त्यांच्यासाठी एक विनंती. १ मे ला ग्रामसभा असते आणि त्यानंतर पावसाला जेमतेम महिना उरतो. रहाटणीतून, भोसरीतून सुट्टी काढून त्या सभेला जा. आपलं गाव यादीत आहे की नाही एवढंच विचारून परतू नका. वरचा डोंगर सुटला तर माती कोणत्या ओघळीनं येईल, कुठल्या घरापर्यंत येईल आणि त्या वेळी आम्ही कुठे जाऊन उभं राहायचं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देणारा नकाशा नसेल, तर तो काढून देण्याची मागणी ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत तहसीलदार कार्यालयात देऊन पोच घ्या.